पीस नंबर एकोणीस

तिसऱ्याच गोळीला अडकलं.
रिकामी पुंगळी स्लाइडच्या जबड्यात
उभी, वीटभट्टीच्या धुराड्यासारखी.
"पीस खराब आहे," मी ओरडले.

कोरचीच्या रस्त्यालगतचं रेंज. बारा वाजलेले.
आर्मोरर कोवे काका खर्रा घोळवत आले,
पिस्तूल काही त्यांनी हातात घेतलं नाही.
"तोंड मातीकडंच राहू दे. बोट बाहेर.
मॅगझिन काढ. आता ओढ."
पुंगळी मोहाच्या पाचोळ्यात पडली.

मग ताडपत्रीवर त्यांनी ते उघडलं,
पिकलं सीताफळ उघडावं तसं.
आत कारखान्याचं ग्रीस, पिवळं, चिकट.
"वासरू हाय हे.
अजून कोणी चाटलंच नाही याले."
जुन्या बनियनच्या चिंधीनं पुसत राहिले.
तेल एकच थेंब:
"फोडणी नाही द्यायची, बाई."
स्प्रिंग दाबून पाहिली. कडक.
"दोनशे गोळ्या खाईन, मंग येईन वळणावर."

"आता तुया हात दाखव."
मी रिकामं पिस्तूल धरून उभी राहिले.
त्यांनी मनगटाला दोन बोटं लावली फक्त,
आणि ते वाकलं.
"ते मागं येते, तवा तू बी मागं जाते.
त्याले टेकाले कायीच नाही."

आयटीआयला असताना सायकलवरून पडले होते.
भरतीच्या फॉर्मवर त्या रकान्यात
मी "नाही" लिहिलं होतं.

काका मनगटाकडं पाहत राहिले जरा वेळ.
मग वही ओढली, पेनला थुंकी लावली:
पीस नंबर एकोणीस. दोष: ग्रीस.

"उद्या लवकर ये," वही मिटताना म्हणाले,
"अन् बादली आण. भरून."