दाब, धर, सोड

कोडोलीत, एमआयडीसीच्या मागच्या गल्लीत
माझा लेथ उभा आहे एकोणतीस वर्षं.
समोर हमीद शिकलगारचं गॅरेज.
त्याचा आजा कात्री-सुऱ्यांना धार लावत गावोगाव फिरला;
हा वेगाची धार उतरवतो,
असं मी एकदा म्हणालो, तर म्हणाला,
"मोहिते, तो चौदाचा पाना द्या."

परवा तुळाजी उतेकर आला केळघरहून.
पिकअप लावली, उतरला,
आणि आधी चाकाला दगड लावला.
काळा, नारळाएवढा, एका बाजूनं झिजलेला.
बापाच्या गाडीतला.
गाड्या तीन झाल्या, दगड तोच.

डावा आरसा नवा बसवायचाय, म्हणाला.
आरसा कशानं फुटला?
दरडीला घासून.
दरडीला का गेलास?
मग थांबत थांबत:
घाटात फरसबी भरून उतरताना
मागच्या ड्रमांतून धूर निघाला,
पेडल खाली गेलं ते गेलंच,
अंधारात जिन्याची एक पायरी नसावी तसं.

ड्रम निघेना. गंजानं धरलेला.
हमीदनं डिझेल सोडलं, आम्हाला चहा पाजला,
मग दोन बोल्ट आळीपाळीनं आवळत गेला,
अर्धा आटा इकडे, अर्धा तिकडे,
कडाक्!
आत लायनरची काळी भुकटी,
गळक्या सिलिंडरनं ओला झालेला शू,
आणि एक स्प्रिंग, जी उडाली
आणि अजून कुणाला सापडलेली नाही.
"झाकून ठेवलेलं तापतच जातं," हमीद म्हणाला,
"डिस्क उघडी असते. वारं लागतं."
तुळाजी काही बोलला नाही.
तो तसाही बोलत नाही.

कॅलिपर भंगारातल्या एका मोटारीचे, नवे रबर घालून.
डिस्कचं मधलं भोक मी मोठं केलं.
ब्रॅकेटचा साचा कापला
माझ्या पुतणीच्या लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्यावर,
वधूच्या नावातून एक बोल्ट गेला.
दहा मिलीमीटरची प्लेट, चार भोकं,
आणि पहिला ब्रॅकेट दोन दोरे चुकला.
दोन दोरे म्हणजे एक सूत.
टेबलाच्या पायाला चालतं,
ओळंब्याला कुणी विचारत नाही.
पण डिस्क एका अंगानं खसखसायला लागली,
आणि मला माझ्या हाताकडे बघवेना.
रात्री शटर अर्धं ओढून दुसरा केला.
पहिला लेथसमोर खिळ्याला टांगलाय.

सकाळी तेल भरलं. मला पेडलवर बसवलं.
एरवी अहो-जाहो करणारा हमीद
गाडीखालून ओरडत होता:
दाब.
धर.
सोड.
नळीतून बुडबुडे बाटलीत.
हवा दबते, तेल दबत नाही,
सगळी विद्या एवढीच.
दाब.
धर.
धर म्हटलं ना!
सोड.
किती वेळा, मोजलं नाही.
एकदाच कधीतरी पेडल पायाखाली उभं राहिलं,
पोहताना तळ लागावा तसं.

मग हमीद व्हॉल्व्हशी बसला तासभर.
मागचा ब्रेक फार चांगलाही नको, म्हणे,
रिकाम्या गाडीची मागची चाकं जाम होतात,
गाडी आडवी फिरते.
पुढच्यांनी जास्त धरायचं,
मागच्यांनी नुसतं सावरायचं.

वाळूची पोती टाकून यवतेश्वराला चढलो
आणि उतरलो.
पहिल्या वळणाला तिघांनीही
पाय दाबले, ब्रेक एकालाच होता.
तिसऱ्या वळणाला हमीद शीळ घालायला लागला.
खाली सातारा ऊन खात पसरलेला,
जळका वास नाही.
बोगद्याच्या अलीकडे थांबलो.
डिस्कजवळ हात नेला: धग होती,
पण वाऱ्यावर जाणारी.

"एक राहिलं," हमीद म्हणाला.
"हँडब्रेकची तार ह्या कॅलिपरला येत नाही.
पुढच्या महिन्यात करू काहीतरी."

तुळाजी हसला. दोन दिवसांत पहिल्यांदा.
सीटमागून दगड काढला,
उताराकडच्या अंगानं चाकापुढं सरकवला,
झिजलेली बाजू टायरकडे करून.

मग आम्ही तिघं उभे राहिलो गाडीच्या डावीकडे,
आणि लक्षात आलं,
आरसा बसवायचा राहिलाच.