नाऊ देन

बार्न्झलीतल्या पहिल्याच सकाळी
शेजारचे विल्फ कुंपणावरून म्हणाले, "नाऊ देन."
मी थांबले.
आता, मग... पुढे काय?
कचऱ्याचा डबा चुकीच्या दिवशी काढला असेल मी,
गाडी आडवी लावली असेल.
विल्फ कांद्याच्या वाफ्याकडे वळले
आणि वाक्य तिथंच राहिलं,
कुंपणावर विसरलेल्या मोज्यासारखं.
तीन आठवड्यांनी कळलं :
तो अख्खा नमस्कार होता.

डेपोतला मुकादम म्हणाला, "नाइन व्हाइल फाइव्ह."
नऊ असताना पाच कसे वाजतील, विचारत बसले नाही.
पाचपर्यंत काम केलं.

मोरीननं चहाला बोलावलं.
घरी भात लावून गेले, चार वाजता.
तिचे हात अजून पिठात.
साडेपाचला टेबलावर बटाटे, वाटाणे, मटणाची पाई.
"थोडंसंच," मी म्हणाले,
आणि तिनं थोडंसंच वाढलं.
आग्रहाची वाट बघून बघून
मी घरी येऊन गार भात खाल्ला.

एकदा डबा ओढताना बांगडी तडकली.
तोंडून निघून गेलं, "इट हॅज ग्रोन."
विल्फनी चष्मा वर केला.
सांगितलं, आमच्यात फुटली म्हणत नाहीत,
वाढली म्हणतात.
एकतीस वर्षं बाटल्यांच्या कारखान्यात काढलेला माणूस.
तुकडा उचलून उजेडात धरला,
कड अंगठ्यानं चाचपली.
"आमच्याकडे मग पाळीला चारशे वाढायच्या,"
म्हणाले, आणि खोकला येईपर्यंत हसले.

नोव्हेंबरात मोरीन पायरीवर भेटली.
"विल्फ इज अ बिट पूअरली."
पूअरली. शब्दच असा, लोकरी,
मला वाटलं नाक चोंदलं असेल.
म्हटलं, रविवारी येते, आल्याचा काढा घेऊन.

शुक्रवारी दारात काळी गाडी.

मी चिडले होते, कबूल करते.
सरळ सांगायला काय झालं होतं?
त्या एवढ्याशा 'बिट'खाली
किती दिवस उभी होती ती
आणि मला वर फक्त 'बिट' दिसला.
मग भांडी घासताना हात समोर आला,
डाव्या मनगटावर एक बांगडी कमी.
वाढली होती.
आणि मी स्वतः दर वेळी निघताना
येते म्हणणाऱ्यांतली.

मार्चमध्ये मोरीन वाफा खणत होती,
विल्फचे बूट घालून, दोन नंबर मोठे,
प्रत्येक पावलाला टाच निसटायची.
मी कुंपणाशी गेले.
काढ्याचं, रविवारचं, सगळं इंग्रजीत जुळवून ठेवलं होतं.
म्हणाले, "नाऊ देन."

तिनं फावडं रोवलं.
"नाऊ देन," म्हणाली,
आणि मूठभर कांद्याची रोपं
मातीसकट माझ्या हातात दिली.