हिरवं राहणं

जेल रोडच्या तिसऱ्या मजल्यावर
गॅलरीत वर्तमानपत्र पसरून बसले आहे.
माघ सरत आलाय, सकाळी अजून स्वेटर लागतो.
बोरस्ते म्हणाला होता, मॅडम, याच दिवसांत,
उन्हाचा चटका सुरू व्हायच्या आत.

एकशे ऐंशी रुपयांचं जुनिपर.
त्याच्या नर्सरीत गुलाबांच्या मागे,
गळक्या नळाखाली कलंडून पडलेलं.
कलंडलेलं होतं म्हणून घेतलं.
तो सरळ उभी असलेली दाखवत होता.

छत्तीस वर्षं प्रेसमध्ये कागद तपासले.
शाई जरा सरकली, आकडा जरा पुसट,
की तो ताव बाजूला.
डोळ्यांना तेवढंच येतं.
आता त्याच डोळ्यांनी खोडाचं वाकडेपण शोधते,
आणि सापडलं की
बाजूला ठेवत नाही.

ब्लेडनं पिशवी चिरली.
मुळं गोल गोल, पिशवीचाच आकार घेऊन बसलेली.
रिटायर झाल्यावर महिनाभर
माझेही पाय सकाळी गेटकडेच वळायचे.
जेवणाच्या काट्यानं विंचरत गेले,
आत्या माझी जट सोडवायची तशी,
टोकाकडून वर,
रडू नकोस, झालंच, असं म्हणत.

आणि मधोमध, मातीच्या पोटात,
आणखी एक पिशवी.
काळी, वीतभरही नाही, रोप असतानाची पहिली.
कुणाच्या तरी घाईत काढायची राहिलेली.
एक जाड मूळ तिला आरपार फाडून बाहेर आलं होतं.
मी ओढली नाही. कात्रीनं तुकडे करून काढली.
एक तुकडा निघेना.
राहू दिला.

मूळ एक हिस्सा काढा, दोन ठेवा,
फोनवर बोरस्ते,
खोडाखालची जुनी माती तशीच असू द्या,
हा काही वड नाही, उघडा पडला की रुसतो.
विटा कुटून चाळून ठेवल्या होत्या,
खडे वेगळे, पीठ वेगळं.
पिठाचाच ढीग मोठा झाला.

तार धनंजय तांबटनं दिली,
शेगडीत लाल करून निववलेली, बोट लावलं की वळणारी.
कुंडीच्या भोकांतून वर घेतली, मुळांवरून पीळ दिला.
यंदा एवढंच. फांद्यांना वळण पुढच्या साली.
मग विणायच्या सुईनं खडे ढोसत बसले.
ही सुई एका अर्ध्या स्वेटरची आहे.
कुणाच्या, ते राहू दे.

पाणी घातलं. खालून लाल आलं,
मग तांबूस, मग नितळ.

शेजारची कस्तुरी, सहावीतली, कठड्यावरून:
जगलं का काकू?
इतक्यात सांगता येत नाही.
जुनिपर मेलं तरी महिना दोन महिने हिरवंच दिसतं.
म्हणजे नाटक करतं?
नाही गं. खालची बातमी
वर पोचायला वेळ लागतो.

तेव्हापासून सावली, पानांवर फवारा,
खत नाही, हलवणं नाही.
रोज चष्मा पुसून टोकं बघते.
आज एक टोक वेगळं वाटलं.
पोपटी म्हणावं की पिवळं?
भिंग लावलं, तरी ठरेना.
हातात ताव असता
तर सरळ खिडकीशी धरला असता.
पण कुंडी हलवायची नाही.

गॅलरीच्या या कोपऱ्यात नीट उजेड यायला
साडेदहा वाजतात.
स्टूल ओढून बसले आहे.