दोन मीटर सत्तर

मार्टिन गावात, रणगाड्यांच्या बंद कारखान्यामागे
तिसऱ्या मजल्यावर आम्ही चौघं गेम बनवतो.
गुरुवारी दुपारच्या बसने वेंडेलीन कुबाश्का येतात,
टी-पंचावन्नवरचे जुने तोफची,
पिशवीत खसखशीचा रोल, खिशात स्वतःची सुरी.

पहिल्या दिवशी स्क्रीनकडे पाहून त्यांनी विचारलं,
"हा आकडा कुठून आला?"
कोपऱ्यात हिरवं चमकत होतं : एक हजार दोनशे सदतीस.
अंतर आहे, मी म्हटलं. गेमला माहीत असतं.
"आम्हाला नसायचं,"
एवढं बोलून ते रोल कापायला बसले.

मग सांगितलं, तुकड्या-तुकड्यांनी, खसखस दातांत अडकत :
काचेवर कोरलेली एक आडवी रेघ,
तिच्यावर दुसरी, उतरत गेलेली.
समोरच्याची चाकं खालच्या रेघेवर टेकवायची,
घुमटाचा माथा वरच्या रेघेला लागेस्तोवर सरकवायचं,
बसला नीट, की तिथला आकडा वाचायचा.
पण काच एक गोष्ट धरून चालते,
की समोरचा दोन मीटर सत्तर उंच आहे.
तो बुटका असला, खड्ड्यात असला,
गवत पोटापर्यंत आलेलं असलं,
तर काच खोटं बोलते,
आणि तुम्ही तिच्या शब्दावर गोळा सोडता.

त्यानंतर आठ महिने मी
सगळं ठाऊक असलेल्या यंत्राला अडाणी करत बसले.
इंजिनाची थरथर घातली. भिंगावर श्वासाची वाफ.
कपाळाच्या रबरी गादीचा धक्का कसा घालायचा, ते काही जमलं नाही.
सातपट मोठं केलं की जग
नाण्याएवढं उरतं, बाकी काळोख. तो काळोखही मोजून घातला.
राडुझ म्हणाला, हिरवा आकडा काढलास तर
लोक पैसे परत मागतील.
मागितलेही काहींनी.

"कधी चुकलात?" मी एकदा विचारलं.
लेश्टचं सरावमैदान, ते म्हणाले, सप्टेंबर.
फळ्यांचे रणगाडे उभे करायला उशीर होत होता.
कंटाळून तोफेची नजर फिरवली हद्दीपलीकडच्या वाडीवर.
एक बाई चादरी वाळत घालत होती.
हाताला सवय. पाय खालच्या रेघेवर, डोकं वरच्या.
काच म्हणाली, चौदाशे.
बाई फार तर एक मीटर साठ. म्हणजे आठशे तीस.
मनातल्या मनात केलेला तो हिशेब
आयुष्यात पहिल्यांदा अचूक आला.
तेवढ्यात तिने वर पाहिलं.
आमच्याकडे नाही. ढगांकडे, पाऊस येतो का म्हणून.
"नळीत गोळा होता का?"
ते सुरी पुसत राहिले.
मीही पुन्हा विचारलं नाही.

राडुझला न सांगता मी नकाशाच्या उत्तर टोकाला,
जिथं कुणी खेळाडू सहसा जात नाही,
एक दोरी टांगली, तिच्यावर चादरी.
तिथून चढावरच्या ठाण्यापर्यंत बरोबर आठशे तीस.
बाई ठेवली नाही. ठेवणार होते.
हात डिलीटच्या बटणावरून हलेना,
आणि तिला तिथं उभं करायलाही धजेना.

परवाच्या गुरुवारी ते खेळत होते.
शत्रू डावीकडे. त्यांनी नळी उजवीकडे वळवली,
फिरवत, फिरवत थेट उत्तरेला नेली
आणि थांबवली.
दोन डोळ्यांऐवजी एकच उघडा, दुसरा घट्ट मिटलेला,
तिथं मिटायची गरज नसतानाही.
मागून कुणीतरी त्यांचा रणगाडा उडवला. स्क्रीन लाल झाली.
त्यांनी हेडफोन काढून ठेवला, टोपी घातली,
बसची वेळ पाहिली.
दाराशी थांबून म्हणाले,
"चादरी तीन होत्या. तू दोनच टांगल्यास."