पांगऱ्याचा मासा

औशाच्या फाट्यावर आंब्याचा ट्रक मोडला
त्याला आता सहा वर्षं झाली.
पाटा तुटलेला. लातूरहून नवा येईस्तोवर दीड दिवस
मुजीब होडेकर माझ्या लेथसमोर बसून राहिला.
हर्णैचा माणूस. कंटाळला, तसा खिशातून काढला
एक लाकडी मासा, कमरेत दुभंगलेला.
म्हणला, असा होईल का ओ?

मी दिगंबर पांचाळ. पोळपाट, लाटणी, रवी,
पाळण्यावरचे पोपट, पोरांचे भोवरे.
समुद्र पाहिला तो फक्त कॅलेंडरवर.
पण लाकूड हातात आलं की कळतं
कापणाऱ्याला सवड होती का घाई.
त्याला घाई होती.

पांगरा घेतला. हलका, नखानं दबणारा.
तोंडाला तिरपी वाटी कोरली.
वीस वाव लांबून दोरीला झटका दिला
की वाटीत पाणी भरतं आणि होतं, बुडुक.
त्या आवाजाला खालून कोकर येतो, म्हणे,
दिसायच्या आधी मनगटाला कळतो.
काट्याला मुजीब गरी म्हणतो, मी गळ.
दोरी पिळू नये म्हणून पुढं लावतात ती भोवरी.
हा शब्द मात्र दोघांचा निघाला.

पोटात शिसं.
किती, एवढाच काय तो धंदा.
कमी पडलं तर आडवा तरंगतो मेल्यागत,
जास्त झालं तर गेला तळाला.
शेपटी पाण्यात, तोंड वर,
उधारी मागायला आलेला माणूस
दारात अवघडून उभा राहतो ना,
तसा उभा राहिला पाहिजे.

आणि गोड्या पाण्यात उभा राहणारा
खाऱ्यात आडवा होतो!
हे कळायला माझे अकरा मासे वाया गेले.
मग फोनवरून प्रमाण आलं:
पंधरा लिटरच्या बादलीत अर्धा किलो खडेमीठ.
अयोध्या म्हणली,
नळाला आठव्या दिवशी पाणी,
अन तुम्ही त्याचं लोणचं घाला.

लाखेचा रंग तिकडं टिकला नाही.
दुसऱ्याच फेकीला पोपडे, मुजीबनं फोटो पाठवला.
चार पिढ्यांची लाख आमची!
दोन दिवस बोललो नाही कुणाशी.
मग दोन नळ्यांचा डिंक आणला, मुकाट्यानं.
डोळे सून काढते, सत्यशीला,
नखांच्या रंगानं, काडेपेटीच्या काडीनं.
ती म्हणते, मामा, डोळा थोडा घाबरलेला पाहिजे,
नाहीतर मोठा मासा कशाला येईल?
कुठून सुचतं तिला.

आता एसटीच्या पार्सलनं जातात महिन्याला वीस-बावीस.
उलट फोटो येतात:
तांबोशी, लालबुंद. डगोळ, चांदीच्या पट्टीसारखा.
चौदा किलोचा कोकर, बाळंतिणीनं पोर धरावं तसा धरलेला,
आणि त्याच्या जबड्यात कोपऱ्याला
माझा पांगरा.

परवा एक परत आला, दुरुस्तीला.
तीन काट्यांचा गळ सरळ झालेला, दाभणासारखा.
आरपार घातलेली स्टीलची तार वाकलेली.
पाठीवर दातांच्या खुणा, पार लाकडात.
सोबत चिठ्ठी: मोठा होता. गेला.

मी त्या खुणांत बोट फिरवत बसलो.
मग लेथ बंद करून,
कुणी बघत नाही असं बघून,
जीभ लावली.
खारट. पण नुसतं खारट नाही,
मागून कडू येतं काहीतरी.
बादलीत ते नसतं.
म्हणजे सहा वर्षं प्रमाण चुकतंय,
का समुद्र आणखी काही घालतो
जे मुजीबलाही सांगता येत नाही?

खुणा बुजवल्या नाहीत. त्याला नवा करून पाठवला.
हा अयोध्येनं उचलला,
गळ काढून टाकला आणि दुकानाच्या किल्लीला बांधला.
आता रोज सकाळी घरात एकच ओरड:
मासा कुठं गेला? मासा कुणी घेतला?
आणि तो असतो पिठाच्या डब्यावर,
तोंड वर करून, घाबरलेला डोळा उघडा.