भागतं

अशोक चौकाच्या मागं, विडीच्या ब्रँचमध्ये
माझं टेबल तंबाखूच्या पोत्यांना टेकलेलं.
लॅपटॉपच्या फटीफटींत तपकिरी धूळ
आणि मी, बी.एस्सी., शिंकत शिंकत
दोन अ‍ॅरे भरते:
एकात बेचाळीस बायांना दिलेली पानं, ग्रॅममध्ये,
दुसऱ्यात त्यांनी आणून टाकलेल्या विड्या.

मध्ये एक तिरकी रेघ. बस.
पहिलीच्या विड्या पहिलीच्या पानांवर,
दुसरीच्या दुसरीच्या.
कुणाचं कुणात मिसळत नाही.
शाळेत सर म्हणायचे, भागाकार म्हणजे वाटणी.
इथं कसली वाटणी,
ज्याचं त्याच्या माथी.

मालकांनीच सांगितलेलं,
बाईगणिक काढ,
कुणाची पानं कुठं जिरतात बघू.

एंटर.
आठव्या ओळीत आकड्याच्या जागी
अनंत.

आठवी म्हणजे राजम्मा चिट्याल.
पानं शून्य, विड्या एकवीसशे.
आणि राजम्मा तर आठवडाभर सिव्हिलमध्ये,
पोटाचं ऑपरेशन होऊन पडलेली.
मग हे कट्टे, हे लाल दोरे,
तिच्या कार्डावर आले कुठून?

मी वर-खाली पाहिलं.
तिच्याच बोळातल्या सात जणी,
प्रत्येकीचा भागाकार थोडा उतरलेला,
विड्या तीनशे-तीनशेनं कमी.
सात त्रिक एकवीस.
एवढ्याला मशीन लागलं नाही.

त्या सातांत अकरावी ओळ माझी आई.
शनिवारी हातात पैसे कमी आले तेव्हा म्हणाली होती,
पानं किडकी निघाली गं या खेपेला.

पंखा फिरत होता, धूळ फिरत होती.
स्क्रीनवर अनंत तसंच बसून,
पाहुण्यासारखं, चहा न मागता.

मग मी सगळ्या विड्यांची एक बेरीज केली,
सगळ्या पानांची एक,
आणि एकीला दुसरीनं भागलं.
आकडा आला नेहमीचाच, शहाण्यासारखा.
त्यात राजम्मा नव्हती, आई नव्हती,
बोळ नव्हता.
तोच पाठवला मालकांना. म्हटलं, सध्या
मशीनला एवढंच जमतं.

घरी आले तर आई उंबऱ्यात,
मांडीवर सूप, हातात कात्री,
पत्र्याच्या मापानं पान कापत बसलेली.
विचारलं, इतक्यात भागतं का गं?
तिनं वर पाहिलंच नाही.
भागतं की, म्हणाली,
आणि कातरण बाजूला सारून
मला बसायला जागा केली.