काठाची दोरी

मोहोळ मागं पडलं आणि गाडीतला एसी गरम वारा फेकू लागला.
अकरा वर्षं मस्कतला मी एसीच दुरुस्त केले,
तरी बॉनेट उघडलं नाही.
स्टिअरिंगवर ऋजुता. म्हणाली, बाबा, सोलापुरात थांबू,
विणकराचं एक घर आहे, जुनं, नव्यानं उभं केलेलं.
तिकीट वीस रुपये.

साखर पेठेतली गल्ली. चुना इतका पांढरा
की डोळे मिटावेत.
दाराला पॉलिश, उंबरा मात्र झिजलेलाच ठेवलाय.
आत पाय टाकला आणि
तो गारवा ओळखीचा निघाला,
जाड मातीचा, विजेचं बिल न येणारा.

अल हमराच्या डोंगरात असंच एक घर पाहिलं होतं.
शुक्रवारची सुट्टी, सहा जण, उसनी पिकअप.
खजुराच्या खोडांचं छत, जमिनीत कोरलेल्या पन्हळी;
वर पोती रचायची, म्हणाले,
आपल्याच वजनानं खजूर पाझरायचा.
कॉफीचा कप हलवला की पुरे, हे तिथंच शिकलो.
न हलवल्यामुळे आमचा केरळचा बिजू नऊ कप प्यायला.

इथं दाखवायला म्याकल होते. पुरुषोत्तम म्याकल.
सत्तरीचे, गळ्यात ओळखपत्र, पायात काही नाही.
खड्ड्यात उतरून मागावर बसले,
धोटा फेकला, खट्,
परत फेकला, खट्, आणि थांबले.
"उथळ केलाय ओ खड्डा. कुणी पडंल म्हणून
तळाला सिमेंट भरलंय चार बोटं.
गुडघा वर येतो. पावडी दाबली की कंबर बोलते."
सांगितलं नाही त्यांना?
"सांगितलं की. वहीत लिहून घेतलं."

ऋजुतानं फोटो काढला. म्हणाली, थोडं हसा.
ते हसले. फोटो झाल्यावरही हसतच राहिले थोडा वेळ,
आवरायचं विसरल्यासारखे.

मग का कोण जाणे, मी सांगून टाकलं:
त्या डोंगरातल्या घरात, पाहुण्यांच्या खोलीत,
घडी करून ठेवली होती एक चादर,
गालिचे, उशा, पितळी सुरया यांच्यात.
मोर होते तिच्यावर. आपल्याकडचे.
फलकावर लिहिलेलं, जुन्या ओमानी घरातलं अंथरूण.
मी त्या माणसाला काही बोललो नाही.
काय बोलणार? भाषा पुरली नसती,
आणि शुक्रवार एकच असतो आठवड्यात.

म्याकल खड्ड्यातून वर आले, हात टेकत.
"मोर दोन का चार?"
आठवेना.
"हे सोडलं आणि अक्कलकोट रोडला कारखान्यात लागलो.
इथं बसून विणायचो, तिथं उभं राहून. तीस वर्षं चादरीच.
आमच्या मालाला काठात एक लाल दोरी असायची,
अगदी कडेला. बाकीच्यांची निळी.
कोणती होती?"

मी डोळे मिटले. खोली आली, खिडकी आली,
बिजूचा नववा कप आला,
घडीवर पडलेली उन्हाची पट्टी आली.
काठ आला नाही.

त्यांनी थर्मासातला चहा दिला, स्टीलच्या पेल्यात.
संपल्यावर मी सवयीनं पेला हलवला.
त्यांना वाटलं, मागतोय.
ओतला पुन्हा, काठोकाठ.
प्यायलो.

गाडी सुरू झाली तसे ते काचेजवळ आले:
"परत गेलात की बघून या तेवढं.
लाल असंल तर एक फोन करा."
माझा व्हिसा रद्द होऊन चौथं वर्ष.
पासपोर्ट उमरग्यात, कपाटात,
लग्नपत्रिकांच्या खाली.

"करतो," म्हणालो,
आणि नंबर लिहून घेतला.
ऋजुतानं आरशातून माझ्याकडं पाहिलं,
मग रस्त्याकडं.